तीन पेपर, एक रुमाल

अमरावती,
मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

चि. वर्षालीले आजीचा आशीर्वाद.

इथं सगळे ठीक आहेत. जे ठीक नाहीत ते तू होती तेव्हाही नव्हते, त्याइची काळजी करू नको. तुझ्या बापाचा, देवानंदाचा, गुडघा दुखते म्हणते. माझा दुखत नाही, मी फक्त सत्त्याहत्तरची आहो. थंडी पडली. शेवंती महागली, झेंडूले कुत्रं विचारत नाही. अकोल्यात तू टायमावर जेवते का नाही, ते मले खरं खरं कळव.

हे पत्र तोंडानं माझं अन् हातानं कुंदाताईचं आहे. कुंदाताई म्हणजे आपल्या त्या रिटायर मास्तरीणबाई. रोज सकाळी देवासाठी दहा रुपयांची फुलं नेतात अन् वीस रुपयांची घासाघीस करतात. (हे लिहायले त्या तयार नव्हत्या. मी म्हटलं, लिहा, नाही तं उठा.) त्या माझं बोलणं थोडं इस्त्री करून लिहितात. मी म्हटलं, करा इस्त्री, पण मले-तुले तसंच राहू द्या. नाही तं पोरीले वाटेल, आजी गेली अन् तिच्या जागी कोण्या पुण्याच्या बाईनं पत्र धाडलं.

फोन काहून नाही केला, म्हणशील. आपण दोघी फोनवर बोललो की काय होते ते ऑगस्टात पाहिलं नं. कागदावर तुले मधात बोलता येत नाही, अन् मले फोन आपटता येत नाही. दोघींच्याही फायद्याचं काम.

तं पहिले चांगली बातमी. बाजार जागेवर आहे. परकोटाच्या भिंतीलगतचा आपला फुलबाजार, भाजीच्या रांगा, सव्वाशेच्या सव्वाशे ओटे, सगळं जिथल्या तिथं. माझ्या ओट्यावर बसूनच मी हे सांगून राहिली. बायपासजवळच्या त्या पत्र्याच्या शेडात आमची रवानगी होणार होती, ते थांबलं. कायमचं थांबलं का, मले ठाऊक नाही. पण आज थांबलं आहे, अन् ते तुझ्या कागदानं थांबलं. म्हून पत्र. तुझे उपकार आहेत माझ्यावर, हे एकदा अक्षरात उतरलेलं बरं. तोंडानं बोललेलं मी दुसऱ्या दिवशी नाकारते, हे तुले ठाऊकच आहे.

तुझ्या छापील कागदाइचा गठ्ठा मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारच्या आदल्या दिवशी आला. अकोला गाडीच्या कंडक्टरनं स्वतः ओट्यावर आणून टाकला. म्हणे, "बुढे, तुझ्या नातीनं पाठवला, सांभाळून घे." भला माणूस. मी त्याले दोन गुलाब दिले, त्यानं एक खिशाले लावला अन् एक बहुतेक गाडीतच कोणाले देऊन टाकला.

मार्गशीर्षातला बुधवार म्हणजे काय असते ते तू लहानपणी माझ्याजवळ बसून पाहिलं आहे. अख्ख्या अमरावतीतल्या बायाइले गुरुवारची पुडी पाहिजे. पाच झाडांची पानं, शेवंती, दोन गुलाब, दुर्वा. दुपारी चार ते आठ मान वर करता येत नाही. त्या चार तासात तुझा कागद माझ्या ओट्यावरून, शेजारच्या भाजीवाल्या मनकर्णाबाईच्या ओट्यावरून, पलीकडच्या मेथी-पालकवाल्याइच्या हातातून शहरभर गेला. प्रत्येक पुडीवर एक. फुलं देवाले अन् कागद घरवाल्याइले.

गुरुवारी सकाळी कुंदाताई आल्या. हातात तो कागद, तव्यावर वाळवलेला. (तव्यावर नाही, इस्त्रीनं, असं त्या म्हणून राहिल्या. बरं, इस्त्रीनं. त्याइले दुसरं येतेच काय.)

"जाईबाई, तुम्ही सगळ्यांनी एकमतानं होकार दिला, असं तिन्ही पेपरांत होतं. मग हे काय आहे?"

अन् त्याइनं भर बाजारात मोठ्यानं वाचून दाखवलं. तू चाळीस जणांले विचारलं होतं, बाजार सोडायचा का? तेहतीस नाही म्हणाले. कोण काय बोललं, ज्याचं त्याच्या शब्दात. मेथीवाला म्हणे, "मी तं नाही म्हटलं होतं, पण वाटलं मी एकटाच." पलीकडची म्हणे, "मीही एकटीच." बाई, हाक मारावी तं सगळा बाजार एकटा निघाला!

मग काय विचारते. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक पुडी घेताना विचारू लागलं, "आजी, तुमी जाऊन नाही राहिल्या नं?" आमच्या तोंडावर जे कोणी आधी म्हणत होते की बरं झालं, रस्ता मोकळा होईल, तेच म्हणू लागले, आमाले सांगितलंच नाही बा कोणी. कुंदाताईनं अर्ज लिहिला, की आमी बाजार सोडत नाही. सगळ्याइले बसवून दोनदा वाचून दाखवला. सव्वाशेतले एकशे अठरा त्या अर्जामागं उभे राहिले.

सगळे आता म्हणतात, जाईबाईचं डोकं पाह्य. पेपरनं लपवलं तं बुढीनं पुडीत बांधून घरोघर पोचवलं. मागच्या गुरुवारी मले हार घातला. माझ्याच ओट्यावरचा होता, पण घातला.

कुंदाताईचं दूध ठेवलं आहे गॅसवर, त्या चालल्या. उरलेलं उद्या.

बुधवार

कुंदाताई आल्या अन् बसल्या बसल्या म्हणाल्या, काल तुम्ही फार लवकर दूध आठवलं. दूध त्याइचं होतं, मले काहून आठवावं, म्हणे. मास्तरीण ती मास्तरीणच.

बरं. ऐक मग.

काल सांगितलं त्यात खोटं काही नाही. पण टोपलीत वरची फुलं ताजी ठेवावी अन् खाली कालची, तसं सांगितलं. आता टोपली उपडी करते.

तुले आठवते, नत्थुजी पेपरवाला सकाळी बाजाराच्या तोंडाशी बसून तिन्ही पेपर मोठ्यानं वाचते अन् आमी ओवता ओवता ऐकतो. तुझ्या लहानपणी काय मजा होती त्याची. 'दवंडी'त बापूसाहेब लिहीत की नळाले पाणी नाही, याले अमका जबाबदार. दुसऱ्या दिवशी 'कंदील' लिहे, बापूसाहेबाच्या घरी तं दोन नळ आहेत. तिसऱ्या दिवशी अकोल्याचा 'पूर्णाकाठ' दोघाइलेही धुवे. त्या तिघांच्या भांडणात आपल्याले नळाचं खरं समजे.

मग बापूसाहेब गेले, पोराइनं 'दवंडी' विकला. ज्यानं घेतला त्यानंच आधी तू बातम्या लिहीत होती तो 'पूर्णाकाठ' घेतला होता. मग 'कंदील'ही घेतला. केबल त्याचीच, बिल्डिंगा त्याच्याच, अन् आमच्या बाजाराच्या जागेवर दुकानांची चार मजली इमारतही त्यालेच बांधायची होती. हे तू मले जूनमध्ये सांगितलं होतं. मी म्हटलं, असंल. पेपर वेगळे तं आहेत नं. नावं वेगळी, रंग वेगळे.

अन् डोळ्यानं मले दिसलंही होतं, पोरी. मले अक्षर नाही समजत, म्हून मी पेपरात फक्त फोटो पाह्यते. तिन्ही पेपर फाडून पुड्या बांधते मी. तिन्हीत तोच माणूस, तीच फीत, तीच कात्री, अन् मागं तोच तोंड वासलेला टकल्या. मी मनकर्णाबाईले म्हटलंही, "हा टकल्या तीन ठिकाणी एकाच वेळी कसा जांभई देते?" आमी हसलो. हसलो अन् विसरलो. डोळ्यानं सांगितलं ते सोडून दिलं अन् नत्थुजीनं वाचलं ते धरून बसलो.

जुलैमध्ये नत्थुजीनं वाचलं, फूल-भाजीवाल्याइचा एकमतानं होकार. 'दवंडी'त तेच, 'कंदिला'त तेच, 'पूर्णाकाठा'त तेच. मले वाटलं, बाकीच्याइनं होकार दिला, मीच उरली. तूच बाजारात येऊन मले विचारून गेली होती, मी तुले नाही म्हटलं होतं, तरी वाटलं. माझा बाप शेंदूरजनाघाटचा. दुसऱ्याइचे संत्र्याचे बगीचे राखे. मले म्हणे, जाई, भाव समजत नसला तं तीन अडत्याइले विचार. तिघांनी एकच सांगितला तं तो भाव खरा. जन्मभर मी त्या हिशेबानं चालली. तीन पेपरात एकच आलं, म्हणजे खरं.

मग ऑगस्टात त्या इमारतवाल्याच्या कंपनीचा माणूस कागद घेऊन आला. आधी अंगठा देईल त्याले शेडात रस्त्याकडचा ओटा, म्हणे. आदल्या संध्याकाळी तुझा फोन आला होता. तू म्हणत होती, आजी, अंगठा देऊ नको. तिन्ही पेपरची ती पानं अकोल्यात एकाच खोलीत बनतात. वरचं नाव तेवढं बदलते. मी लिहिलेली बातमी त्याइनं टाकून दिली, दुसरी लिही म्हटलं, म्हून मी नोकरी सोडली.

मी काय म्हटलं ते तुले ठाऊक आहे. पण कुंदाताईले ठाऊक नाही, अन् त्याइच्या हातानं ते लिहिल्या गेलं पाहिजे, तरच माझी सुटका आहे. मी म्हटलं, "तीन पेपर खोटे अन् तू एकटी खरी? मोठी अंबामाई लागून गेली! नोकरी टिकवता नाही आली म्हून पेपरवर डूख धरून राहिली." मग म्हटलं, "मले तोंड दाखवू नको. माझ्या बाजारात पाय ठेवू नको."

अन् सकाळी अंगठा दिला. पहिला. कागद वाचून दाखव म्हटलं नाही. अक्षरापुढं मी नेहमीच मान खाली घालते, तुले ठाऊक आहे. कागदाले पाय लागला तं कपाळाले हात लावते. ज्याच्या पाया पडतो त्याले आपण काय विचारणार, की बाबा तू कोणाच्या घरचा? माझं पाहून मनकर्णाबाईनं दिला. तिचं पाहून आणखी सात जणींनी. नऊ घरं मी एका बोटानं हलवली.

कुंदाताईनं लेखणी थांबवली आहे. त्याइले वाटून राहिलं, झालं सांगून. झालं नाही बाई. लिहा.

तो गठ्ठा. कंडक्टर म्हणे नातीनं पाठवला, अन् तुझ्या बापानंही रात्री निरोप दिला होता की कुंदाताईकडून वाचून घेजो. मी वाचून घेतला नाही. पोथीवरची गाठ सोडावी तशी सुतळी सोडली अन् वरचा कागद पाहिला.

तुले एक गोष्ट कधी सांगितली नाही. मले तुझं नाव ओळखू येते. एवढं एकच. तुझ्या नावात मधल्या अक्षराच्या डोक्यावर विळ्यासारखी कोर असते. तुझी पहिली बातमी आली तेव्हा नत्थुजीनं बोट ठेवून दाखवली होती. तेव्हापासून पुडी बांधायच्या आधी मी प्रत्येक पानावर ती कोर शोधे. सापडली की ते पान फाडत नव्हती. बसायच्या पोत्याखाली ठेवे. ओटा चार बोटं उंच झाला होता तुझ्यानं.

त्या दिवशी गठ्ठ्यातल्या पहिल्याच कागदावर ती कोर दिसली. दुसऱ्यावर दिसली. सगळ्याइवर होती. मले समजलं, हे तुझं लिहिलेलं आहे. अन् मले राग आला, की पाह्य, अजून ऐकत नाही, अजून आपलंच खरं करून राहिली. मी तो कागद घेतला अन् त्यात शेवंती बांधली. मग दुसरा. अर्धा गठ्ठा मनकर्णाबाईकडं फेकला, म्हटलं, "घे, रद्दी आली अकोल्याची."

डोकं नव्हतं चालवलं मी. ज्याले लोक माझं डोकं म्हणून हार घालून राहिले, तो माझा राग होता. समजून उमजून केलेला.

आता हस. मले दिसते, तू हसून राहिली. हस. पण हसणं झालं की पुढचं ऐक.

गुरुवारी कुंदाताईनं वाचलं तेव्हा सगळ्यात वर कोणाचं बोलणं होतं? माझं. जूनमधलं. "हा ओटा मले माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त ओळखते. मी उठली तं यानं कोणाले ओळखावं?" खाली नाव, जाईबाई, फूलवाली. मी तुले हाकललं, अंगठा दिला, तरी तू माझा जूनमधला शब्द खोडला नाही. तीन पेपरात माझ्या नावावर दुसऱ्याचं बोलणं छापलं होतं. माझं बोलणं एका तुझ्याच कागदात होतं. अन् मी त्यातच फुलं बांधत होती.

तेव्हा मले बापाची उरलेली अर्धी गोष्ट आठवली. त्या काळी संत्र्याचा भाव रुमालाखाली ठरे. अडत्या अन् शेतकरी रुमालाखाली हात घालत अन् बोटं दाबून भाव सांगत, बाकीच्याले दिसू नये म्हून. बाप म्हणे, जाई, तीन अडत्याइले विचार. पण विचारायच्या आधी पाह्य, तिघांचे हात एकाच रुमालाखालून तं नाही निघाले. तसं असंल तं अडते तीन नाहीत, एक आहे.

पहिली अर्धी लक्षात राहिली, कारण ती सोपी होती.

शुक्रवारी कंपनीचा माणूस आला. मी म्हटलं, "माझा अंगठा परत दे."

"आजी, तुमीच तं सगळ्यात आधी दिला होता."

"म्हून सगळ्यात आधी मागून राहिली."

"अंगठा असा परत नसते होत."

मनकर्णाबाई मधात पडली. तीस वर्षं झाली आमचं भांडण, पण त्या दिवशी तिच्या तोंडात देवी बसली. म्हणे, "काहून नाही होत? माझी भेंडी सडकी निघाली तं मी परत घेते का नाही? तुमचा कागद सडका निघाला."

नऊच्या नऊ जणींनी कुंदाताईच्या अर्जावर लिहून दिलं, आमाले वाचून दाखवलं नव्हतं, आमी तो होकार मागं घेतला. तेव्हापासून तो माणूस आला नाही. तिन्ही पेपरात याची एक ओळ नाही. त्या दिवशी तिन्हीत एकच मोठी बातमी होती, थंडीत ओठ फुटू नयेत म्हून काय लावावं. तिन्हीत तूपच. पण पेपरात नाही आलं तरी शहराले ठाऊक आहे. गिऱ्हाईक येते अन् विचारते, आज पुडीवर काय आहे?

नत्थुजी बिचारा लय वरमला. मी म्हटलं, तू काय केलं, तू तं जे छापलं ते वाचलं. आता तो वाचायच्या आधी सांगते, "मंडळी, हे तिन्ही एकाच घरचे, तसं समजून ऐका." बस, एवढंच बदललं. पण कान वेगळे झाले आमचे.

तं पोरी, मी तुले माफ कर म्हणणार नाही. ते मले येत नाही, अन् या वयात शिकणार नाही. पण एक शब्द मी परत घेते. बाजारात पाय ठेवू नको म्हटलं होतं, तो. जसा अंगठा परत घेतला, तसाच, चारचौघात. मार्गशीर्षाचा शेवटचा गुरुवार अठराले आहे. बुधवारी दुपारी ये. माणसाची कमी आहे, पुड्या बांधायले बस. तुझ्या हातची गाठ ढिली असते, पण चालवून घेईन. अन् येताना नवीन कागद छापून आणजो. या वेळी मी पहिले ऐकीन, मग बांधीन.

तू मले शिकलेली करायले पाहिलं नाही कधी, माझं बोलणं जसंच्या तसं ठेवलं. त्याचं मोल मले आता समजलं. तुझ्यासारखी नात त्या अंबामाईनं मले दिली, अन् मी तिच्या कागदात शेवंती बांधली, तरी ती शेवंती देवापर्यंत गेली. याच्यापेक्षा जास्त मी काय मागू?

आता पत्र संपलं. पण कुंदाताईनं मी बोलली तेच लिहिलं का, हे मले कसं समजावं? त्या भल्या आहेत, पण इस्त्रीवाल्या आहेत. म्हून मी हे पत्र पहिले त्याइच्याकडून वाचून घेतलं. मग नत्थुजीकडून. कुंदाताई अन् नत्थुजी दोन वर्षं झाली एकमेकाशी बोलत नाहीत, पेपरच्या बिलावरून. मग मनकर्णाबाईच्या सुनेकडून, मंजुषाकडून. ती बी. ए. आहे, अन् सासू माझी वैरी, म्हणजे तीही माझी बाजू घ्यायची नाही. तिघांनी तीन वेळा वाचलं. तिघांचं सारखं आलं. तिघांनी चहाही वेगवेगळ्या टपरीवर पेला, मी लक्ष ठेवून होती.

म्हणजे हे खरं आहे.

सगळं ऐकून, समजून, कोणाच्या सांगण्यानं नाही, माझ्या मनानं दिलेला,

तुझ्या आजीचा, जाईबाईचा, अंगठा